काळी टेकडी, रंगीत वही!

शनिवारी सकाळी सहा वाजता, हातात २बी पेन्सिल घेऊन जळक्या गवतात बसलेली मुलगी दिसली तर समजा, ती मीच. वीकेंडला दहाच्या आधी न उठणारी!

झालं असं, की २०२५च्या मार्चमध्ये एका रात्री पुण्यातली आमच्या सोसायटीमागची टेकडी पेटली. गॅलरीतून लाल रेघ वर चढताना दिसत होती. ग्रुपवर ‘काय व्ह्यू आहे!’ म्हणून फोटो पडत होते. माझ्या मात्र पोटात गोळा. त्याच उतारावर माझं टिटवीचं स्केच अर्धं राहिलं होतं. टिटवी घरटं विणत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांत खड्यांसारखीच अंडी घालते आणि त्यांवर बसते.

सकाळी गेले तर नुसती राख. अंडी जागेवरच होती, काळी. वही उघडली, पण पेन्सिल चालेना. शेवटी पायाशी पडलेली जळकी काडी उचलली आणि तिनंच टेकडी काढली. कोळसाच तो, फुकटचा!

मला वाटायचं, वणव्यानंतर सगळं सामसूम होत असेल. छे! होरपळलेले किडे टिपायला कोतवाल हजर, राखेत पांढरेशुभ्र गायबगळे. सोसायटीच्या बागेतल्या पाण्याच्या भांड्यावर बुलबुल होतेच, आता चिरकही यायला लागला. अंगानं काळा, शेपटीखाली तांबूस. तो तांबूस रंग बर्न्ट सिएनानं जमतो. म्हणजे भाजलेली माती, बरं का! (काढायची युक्ती सांगू? आधी शेपटीचा कोन, मग अंड्यासारखं अंग, चोच सगळ्यात शेवटी.)

एप्रिलअखेर टिटवीची जोडी पुन्हा बसली. चार अंडी. आता पंचाईत अशी, की मातकट अंडी काळ्या जमिनीवर चक्क उठून दिसत होती. मी जवळ गेले की दोघंही ओरडत डोक्यावर घिरट्या घालणार, अंडी उघडी पडणार आणि वरच्या फांदीवर कावळा टपलेलाच. माझं चित्र तिला भलतंच महागात पडलं असतं. चार शनिवार गेलेच नाही. आई म्हणाली, “उतरलं वाटतं खूळ!”

पुण्याभोवतीच्या टेकड्यांवरचे बहुतेक वणवे माणसंच लावतात. कुणी थोटूक टाकतं, कुणाला वाटतं जाळलं की गवत जोमानं येतं. गवत येतंच, कारण मुळं जमिनीखाली वाचतात. मग पावसाळ्यात हिरवं बघून सगळे म्हणतात, काही बिघडलं नाही. रोपं, सरडे, जमिनीवरची अंडी... त्यांचा हिशेब कोण मांडतो? मला त्या हिरवळीचा तेव्हा रागच आला होता, खरं सांगते.

त्या वर्षी पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच आला. जूनच्या दुसऱ्या शनिवारी वर गेले. बोटभर गवत, आणि त्यातून टिटवीच्या मागे तुरुतुरु पळणारं एक पिल्लू. चारांतलं एकच. तीच जोडी की दुसरी, देव जाणे! दोन मिनिटांत काढलं. पाय जरा जास्तच लांब झालेत. रंग भरेपर्यंत सर आली आणि हिरवा सगळ्या पानावर पसरला. ते पान मी तसंच ठेवलंय.