वेबसाइटवरचं हलतं चित्र हलकं कसं करायचं?

मच्छे : औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या वर्कशॉपवाल्याला वेबसाइटवर चालू मशीन दाखवायचं असतं. मोबाइलवर शूटिंग होतं, त्याची जिफ फाइल बनते आणि तिथंच घोळ होतो. पान उघडेपर्यंत पुण्या-कोल्हापूरचं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या साइटवर गेलेलं असतं.

जिफ हा प्रकार १९८७ चा, कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकन कंपनीनं आणलेला. एका फ्रेमला साधारण २५६ रंगांची मर्यादा. सपाट रंगाची चित्रं त्यात छान दबतात; लोखंडाची चकाकी, सावल्या दबत नाहीत.

मोठा फरक पडतो तो मापानं. रुंदी ८०० वरून ४०० पिक्सेल केली आणि उंचीही त्याच प्रमाणात घटवली, की पिक्सेल एक चतुर्थांशच उरतात. मग फ्रेम. सेकंदाला २५ ऐवजी १० ठेवल्या, तर तीन सेकंदांच्या तुकड्यात ७५ च्या जागी ३० येतात. चित्र थोडं धक्के खातं, पण जॉब कसा निघतो ते कळतं की! शूटिंग स्टँडवर मोबाइल ठेवूनच करा. जिफमध्ये फक्त बदललेला भाग साठवता येतो. हात हलला तर अख्खी फ्रेमच बदलते.

खरं तर अशा शूटिंगला जिफ वापरूच नये. आवाज काढलेला एमपीफोर व्हिडिओही पानावर आपोआप सुरू होतो, पुन्हा पुन्हा फिरतो. एका फ्रेममधलं काय सरकून पुढच्या फ्रेममध्ये गेलं, याचा हिशेब तो ठेवतो, म्हणून फाइल बहुतेक वेळा कितीतरी लहान होते. जिफ लोगोला, बाणाला ठीक.

मूळ व्हिडिओ मात्र पुसू नका. जिफवरून परत व्हिडिओ केला, तरी गेलेले रंग येत नाहीत.