आधी लहान डोंगर, मग शिखर

"डॉक्टर, मुलाकडे वेल्सला चाललोय. तिथल्या तेरा जुन्या जिल्ह्यांची सर्वांत उंच शिखरे पायी गाठावीत म्हणतो. जमेल?" साठीच्या एका रुग्णाने विचारले.

मी म्हटले, "जरूर, पण आधी रक्तदाब तपासू आणि सुरुवात लहानापासून करा." अँगलसीचा होलिहेड डोंगर अवघा २२० मीटर, पेम्ब्रोकशायरचे शिखर ५३६, तर स्नोडन १०८५ मीटर.

हजार मीटर चढल्यावर तापमान सुमारे सहा अंशांनी उतरते. अंगावरचे कपडे ओले आणि वर वारा, की शरीराची उष्णता झपाट्याने घटते. हुडहुडी भरली, बोलणे अडखळू लागले, की आडोसा गाठून कोरडे कपडे घालावेत. छातीत दुखल्यास तिथेच थांबून मदत मागवावी. शिखर कुठे पळून जात नाही!