व्हाइसचा स्क्रू बदलताना घाई नको

लहान वर्कशॉपमधला व्हाइस बंद पडला की निम्मे काम थांबते. ग्रिलवाला असो की मोटार मेकॅनिक, जॉब पकडायलाच जागा उरत नाही, आणि कारागिराची मजुरी तर द्यावीच लागते. अशा घाईत आपले अनेक बंधू हार्डवेअरच्या दुकानातून आट्यांचा रॉड आणतात आणि कापून बसवून टाकतात. ही चूक आम्हीही केली. थोड्याच महिन्यांत आटे गेले आणि खर्च दुसऱ्यांदा करावा लागला.

दुकानात मीटरवर मिळणारा झिंक चढवलेला रॉड पाइप व केबल ट्रे टांगण्यासाठी असतो. त्याचे आटे 60 अंशांचे, टोकदार असतात. नट घट्ट बसून राहावा हे त्यांचे काम. रोज भाराखाली फिरणे हे नव्हे. व्हाइसला चौकोनी किंवा 30 अंशांचे ट्रॅपेझॉइडल आटे लागतात. हिशेबच पाहा. 20 मिमी जाडीच्या साध्या रॉडचा पिच 2.5 मिमी, तर ट्रॅपेझॉइडलचा 4 मिमी असतो. जबडा 100 मिमी उघडायला पहिल्याला 40 फेरे लागतात, दुसऱ्याला 25.

रॉड घेण्याआधी नट काढून तपासावा. पुष्कळदा बीडाचा नटच झिजलेला असतो आणि स्क्रू चांगला असतो. तेव्हा गनमेटलचा नवा नट करून घेतला की काम भागते. स्क्रूचे मधले आटे टोकाच्या आट्यांपेक्षा बारीक झाले असतील, तर मात्र दोन्ही बदलावेत.

माप असे घ्यावे. दहा आट्यांची लांबी मोजून दहाने भागावी, म्हणजे पिच मिळतो. जुने व्हाइस बहुधा इंची मापाचे असतात. इंचाला 4 आटे म्हणजे 6.35 मिमी, तिथे 6 मिमीचा रॉड जुन्या नटात चालणार नाही. एका फेऱ्यात जबडा पिचच्या दुप्पट सरकला, तर आटे दुहेरी समजावेत. आटे उजवे की डावे, हेही पाहावे.

माल कुठे मिळेल? 1985 साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि आपल्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, सुटे भाग करणारी लहान वर्कशॉप वाढत गेली. वाळूज व चिकलठाणा एमआयडीसीत लेथवर जॉब करून देणारे मिळतात. त्यांच्याकडे ईएन-8 पोलादाचा स्क्रू सांगावा. साध्या माइल्ड स्टीलपेक्षा तो जास्त टिकतो. जालंधर-लुधियानाकडचा व्हाइस असेल, तर त्याच कंपनीचा तयार स्क्रू मिळतो का, हे आधी विचारावे.

जुन्या स्क्रूचे डोके शाबूत असेल तर ते फेकू नये. नव्या रॉडवर ते बसवून आडवी पिन मारता येते. झिंकचा रॉड मात्र तसाच वेल्ड करू नये, त्याचा धूर छातीला बाधतो.

शेवटी एकच सांगणे. तोंडी माप सांगून माल आणू नका. जुना स्क्रू आणि नट दोन्ही पिशवीत घालून न्या, नवा नट नव्या स्क्रूवर तिथेच फिरवून पाहा आणि मगच पैसे द्या.