एकाच काचेवर मऊपासून कडकपर्यंत

सानपाड्यात बोलतोय, तर सुरुवात पायाखालच्या जमिनीपासूनच करू. सिडकोनं भराव टाकायच्या आधीचा हा भाग डोळ्यांपुढे आणा. पश्चिमेला खाडी, पाय रुतेल असा गाळ. पूर्वेला पारसिकच्या डोंगराचा कातळ. या दोन टोकांमधून डोळे बांधून चाललो, तरी आपण कुठल्या बाजूला निघालोय ते पायांना कळेल. शरीरातली पेशीसुद्धा असंच करते. ती खालच्या पृष्ठभागाला धरून ओढून बघते आणि तो किती दाद देतो त्यावरून पुढचं ठरवते.

हा ताठरपणा पास्कलमध्ये मोजतात. मेंदू साधारण 1 किलोपास्कलच्या आत-बाहेर, स्नायू 10च्या आसपास. आणि प्रयोगशाळेत आपण पेशी वाढवतो ती प्लास्टिकची बशी? मेंदूपेक्षा दहा लाख पटींहून जास्त कडक! म्हणजे गाळात राहणाऱ्याला फरशीवर आणून त्याची चाल तपासायची, असा प्रकार झाला. 2000 साली असं दिसलं, की फायब्रोब्लास्ट पेशी मऊ बाजूकडून कडक बाजूकडे सरकतात, पण उलट जाताना सीमेवरून मागे फिरतात. 2006 साली एंगलर, डिशर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मूळपेशी मऊ थरावर चेतापेशींच्या आणि कडक थरावर हाडाच्या पेशींच्या वळणावर जातात. स्तनातली गाठ बोटांना लागते ती आजूबाजूच्या भागापेक्षा कडक असते म्हणूनच. त्यामुळे हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही.

मग एकाच काचेवर मऊपासून कडकपर्यंत चढण कशी करायची? आम्ही वापरतो ते पॉलिॲक्रिलामाइडचं जेल. लांब साखळ्या आणि त्यांना एकमेकींत अडकवणाऱ्या गाठी, म्हणजे कोळ्याचं जाळंच म्हणा ना. गाठी जितक्या दाट, तितकं जाळं ताठ.

पहिलं काम काचेचं. काच स्वच्छ धुऊन तिच्यावर सिलेन लावतात. या रेणूचं एक टोक काचेला पकडतं, दुसरं जेलच्या साखळीत विणलं जातं. सुरुवातीला आम्ही ही पायरी घाईत उरकली. पाण्यात ठेवल्यावर जेल फुगलं आणि दुधावरच्या सायीसारखं अख्खं सुटून वर आलं. बांधलेला थर आडवा पसरू शकत नाही, फुगायचं तर वरच्या दिशेनंच. म्हणून नीट बांधणं महत्त्वाचं.

दुसरं काम प्रकाशाचं. द्रावणात प्रकाशानं जागं होणारं रसायन घालतात. हवेतला ऑक्सिजन ही क्रिया अडवतो, म्हणून वरून न चिकटणारी दुसरी काच ठेवायची. मग अतिनील दिवा लावून काळी पट्टी अगदी सावकाश सरकवायची. जिथे प्रकाश जास्त वेळ, तिथे गाठी जास्त. झाली चढण! उरलेलं ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक असतं, त्यामुळे हातमोजे घालूनच काम आणि नंतर भरपूर धुणं. पेशी या जेलला आपणहून चिकटत नाहीत, म्हणून शेवटी वर कोलॅजेन बसवतात.

आता खरी मेख. मऊ बाजू पाणी जास्त पिते, म्हणून तिची जाडीही बदलते. कोलॅजेनही एका बाजूला जास्त बसलं, तर पेशी कशामुळे सरकली हे कसं सांगणार? थर फार पातळ झाला, तर पेशीला खालची काचच जाणवते. म्हणून आम्ही दिव्याच्या वेळेवर विसंबत नाही. अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या बारीक टोकानं जागोजागी दाबून ताठरपणा मोजतो, आणि जाडी व कोलॅजेन वेगळे तपासतो.

'हे दवाखान्यात कधी येणार?' असं कुणी विचारेलच. हा थर म्हणजे औषध नव्हे, ती तपासणीची जागा आहे. एखादं औषध प्लास्टिकवर चाललं आणि शरीरात फसलं, तर त्यामागे पायाखालच्या जमिनीचाही हात असू शकतो. अशा एका चढणीवर ते औषध मऊ आणि कडक, दोन्ही ठिकाणी एकदमच तपासता येतं. पवईच्या आयआयटीत पेशींच्या या स्पर्शज्ञानावर काम चालतं. कर्करोगावर संशोधन करणारं ॲक्ट्रेक तर खारघरला, आपल्याच हार्बर लाइनवर आहे. तुमच्या घरातलं कुणी विज्ञान शिकत असेल, तर त्याला हा प्रश्न जरूर सांगा.