किलोंची वंशावळ

जत तालुक्यातला माडग्याळी मेंढा एकदा पाहिला की विसरत नाही. उंच पाय, लांब अंग आणि पोपटाच्या चोचीसारखं वाकलेलं नाक. चांगल्या मेंढ्याला लाखांत बोली लागते. त्याच दुष्काळी पट्ट्यात चरणारी साधी दख्खनी मेंढी त्याच्याशेजारी खुजी दिसते. फरक रक्तात आहे, हे मेंढपाळाला कुणी शिकवायला लागत नाही. पण रक्तात किती, आणि नेमका कुठे?

‘किती’चं उत्तर वयाप्रमाणे बदलतं. कळपातल्या कोकरांच्या जन्मवजनात जो कमीजास्तपणा असतो, त्यात कोकराच्या स्वतःच्या जनुकांचा वाटा साधारण पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही कमी. बाकी सगळं आईचं वय, तिची तब्येत, गाभणपणातला चारा आणि कोकरू एकुलतं की जुळं यावर. दूध तुटेपर्यंत तिचा पान्हाच बोलतो. पुढे मात्र वर्षभरात जनुकांचा हिस्सा वाढत जातो. म्हणूनच गुबगुबीत कोकरू बघून पैदाशीचा नर ठरवणारा बऱ्याचदा त्याच्या आईच्या दुधाला दाद देत असतो! नराची खरी पारख त्याच्या पिल्लांवरून होते. अठराव्या शतकात इंग्लंडच्या लेस्टरशायरमध्ये रॉबर्ट बेकवेल आपले मेंढे हंगामापुरते भाड्याने देत असे. त्यामुळे एकाच नराची पिल्लं निरनिराळ्या शेतांवर कशी निपजतात ते त्याला बघायला मिळे. जनुक हा शब्दही तेव्हा नव्हता.

‘कुठे’ची गोष्ट जास्त रंगतदार आहे. 1983 मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमात डॉर्सेट जातीचा एक मेंढा जन्मला. नाव ‘सॉलिड गोल्ड’. त्याचा मागचा भाग स्नायूंनी ठासून भरलेला, आणि त्याच्या काही पिल्लांचाही तसाच. या बदलाला ‘कॅलिपायज’ म्हणतात. तो अठराव्या गुणसूत्रावर सापडला. गंमत अशी की तो फक्त बापाकडून आला आणि आईकडची प्रत साधी असली तरच दिसतो. दोन्हीकडून आला तर कोकरू नेहमीसारखंच. भरीला कमरेचं मांस चिवट निघालं.

टेक्सेल जातीच्या भरलेल्या अंगाचं कोडं 2006 मध्ये बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठातल्या मिशेल जॉर्ज यांच्या गटाने सोडवलं. स्नायूंच्या वाढीला आवर घालणारं मायोस्टॅटिन नावाचं प्रथिन असतं. टेक्सेलमध्ये ते प्रथिन बिघडलेलं नाही. त्याच्या जनुकाच्या शेपटाकडे एकच अक्षर बदललं आहे. त्यामुळे स्नायूंमधले सूक्ष्म आरएनए त्या जनुकाकडून निघणाऱ्या संदेशाला चिकटतात, प्रथिन कमी बनतं आणि मेंढी भरते.

असे ठळक बदल थोडेच. ऑस्ट्रेलियन मेरिनोत सहाव्या गुणसूत्रावरचा एक भाग वजनाशी जोडलेला आढळला, पण बाकीचा भार असंख्य बारीक जनुकांनी वाटून घेतला आहे. त्यामुळे डीएनएवरच्या हजारो खुणा एकाच वेळी वाचून नराचा अंदाज बांधणं तिथे रुळलं आहे. नोंदी ठेवणारे कळप असले की ते जमतं. आपल्या फिरत्या वाड्यांत कोकरू तराजूवर चढतं तेच मुळी विकताना.

तरीही माझ्या मते आपल्याकडचं सर्वांत शहाणं काम वजनाच्या जनुकावर झालेलंच नाही. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातली चिमुकली गॅरोल मेंढी आणली. ती जेमतेम शेळीच्या करडाएवढी, पण जुळी-तिळी देणारी. तिच्यातला ‘फेकबी’ हा बदल दख्खनीत उतरवून ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. बीजांडं जास्त सोडायला लावणारा हा बदल 2001 मध्ये नेमका ओळखला गेला. जुळ्यातलं प्रत्येक कोकरू एकुलत्यापेक्षा हलकं असतं. पण बाजारात मेंढपाळ एका मेंढीमागे वर्षाचे किती किलो नेतो, हाच हिशेब खरा. तिथे दोन हलकी कोकरं एका जाड कोकराला भारी पडतात, अर्थात आईला दोघांपुरतं दूध आणि पोटापुरता चारा मिळाला तर.

नरात हा जुळ्यांचा गुण डोळ्यांना दिसत नाही. रक्ताचा नमुना तपासावा लागतो. पण दोन्ही प्रती असलेला मेंढा वाड्यात सोडला की त्याच्या प्रत्येक लेकीकडे एक प्रत येतेच, आणि दख्खनीच्या कोरड्या माळाला एकच प्रत पुरते. दोन प्रती असलेल्या मेंढीला तिळीही होऊ शकतात, आणि तीन तोंडांना पुरेल एवढं दूध तिच्या सडांत नसतं.