बँड पुन्हा एकत्र येतो तेव्हा...

बेल्हे (ता. जुन्नर) - कल्याण-नगर महामार्गावरील बेल्हे हे गाव सोमवारच्या बैलबाजारासाठी ओळखले जाते. रॉक संगीताशी या गावाचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. मात्र कलावंतांचा संच फुटणे, पुन्हा जुळणे आणि जुन्या नावाने नव्याने उभा राहणे ही गोष्ट या परिसराला मुळीच अपरिचित नाही. येथून जवळच असलेले नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी ठरवायला येतात. फडातला ढोलकीवाला बदलतो, सोंगाड्या दुसऱ्या फडात जातो, भाऊबंदकीत एका फडाचे दोन होतात. फलकावरचे नाव मात्र टिकून राहते. विठाबाई नारायणगावकर यांचे 2002 मध्ये निधन झाले; त्यांच्या नावाचा फड त्यानंतरही गावोगाव जात राहिला.

नाव टिकले म्हणजे कला टिकली का, हा खरा प्रश्न आहे. महाराष्ट्रात या प्रश्नाचे एक उत्तर मुंबईच्या 'इंडस क्रीड' या रॉक बँडने दिले. तेरा वर्षांच्या खंडानंतर हा बँड 2010 मध्ये एकत्र आला आणि 2012 मध्ये त्याने नवा अल्बम प्रसिद्ध केला. जुन्या गाण्यांवर टाळ्या मिळवणे सोपे असताना त्यांनी नव्या गाण्यांची जोखीम का घेतली, हे समजून घेण्यासारखे आहे.

रॉक मशीन ते इंडस क्रीड

या बँडची स्थापना 1984 मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' या नावाने झाली. त्या काळी महाविद्यालयीन महोत्सवांत वाजविणाऱ्या बहुतेक बँडची मजल परदेशी गाणी हुबेहूब वाजविण्यापर्यंतच असे. श्रोत्यांचीही अपेक्षा तीच असे. अशा वातावरणात 'रॉक मशीन'ने स्वतः रचलेल्या इंग्रजी गाण्यांचा अल्बम 1988 मध्ये काढला. 'रॉक अँड रोल रेनिगेड' हे त्याचे नाव. 1990 मध्ये 'द सेकंड कमिंग' आला. पुढे उपग्रह वाहिन्यांचे युग सुरू झाले आणि 'प्रिटी चाइल्ड'सारख्या गाण्याच्या चित्रफितीमुळे बँड घरोघरी पोचला.

1993 मध्ये बँडने नाव बदलले. सिंधू नदीची आठवण देणारे 'इंडस क्रीड' हे नाव घेताना आपण भारतातले आहोत, हे सांगण्याचा हेतू स्पष्ट होता. या नावाचा अल्बम 1995 मध्ये आला. त्यानंतर दोनच वर्षांत, 1997 मध्ये, बँड थांबला. गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी पुढे न्यूयॉर्कला गेले आणि तेथे त्यांनी 'आल्म्स फॉर शांती' हा वेगळा बँड उभारला.

खंड पडतो म्हणजे काय होते?

बँड थांबला, तरी जग थांबत नाही. 1997 मध्ये गाणी कॅसेटवर विकली जात होती. 2010 पर्यंत कॅसेट जवळपास नाहीशी झाली होती, सीडीचाही भर ओसरला होता आणि गाणे फुकट मिळते अशी नव्या पिढीची सवय झाली होती.

जागाही बदलल्या. मुंबईत धोबी तलाव भागातील रंगभवन हे रॉकप्रेमींचे हक्काचे ठिकाण होते. आसपास रुग्णालये व महाविद्यालय असल्याने शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तेथील दणदणाट बंद झाला. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 मधील नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर निर्बंध आणले. हाच नियम जुन्नर परिसरातील तमाशालाही जाचला. रात्रभर रंगणारा वग दहाच्या आत कसा संपवायचा, हा फडमालकांपुढचा पेच आणि रंगभवन गमावलेल्या बँडची अडचण मुळात एकच होती.

दुसरीकडे नव्या वाटाही खुल्या होत होत्या. डिसेंबर 2010 मध्ये पुण्यात 'एनएच-7 वीकेंडर' हा महोत्सव सुरू झाला. स्वतःची गाणी वाजविणाऱ्या बँडना तिकीट काढून ऐकणारा श्रोता आता तयार होता. 'इंडस क्रीड' परतला तो याच वर्षी.

तीन जुने, दोन नवे

परतलेल्या संचात जुने तिघे होते : उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया. बेस गिटारवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे दोघे पुढच्या पिढीतले वादक आले. ही बाब वरवर किरकोळ वाटते. पण तिचे महत्त्व मोठे आहे. रॉक बँडमध्ये बेस आणि ड्रम्स म्हणजे इमारतीचा पाया. ढोलकीवाला बदलला की लावणीची चाल तीच राहूनही तिचा ठेका वेगळा वाटतो, तसेच येथे होते. पायाच नवा असल्याने जुन्या आवाजाची नक्कल करणे या संचाला शक्यही नव्हते आणि आवश्यकही नव्हते.

अल्बम तयार होण्याची रीतही समजून घ्यायला हवी. आधी गाण्यांचे कच्चे आराखडे होतात, सराव होतो. मग साधारणपणे ड्रम्सचे ध्वनिमुद्रण होते, त्यावर बेस, गिटार, कीबोर्ड आणि शेवटी गायन असे थर चढतात. प्रत्येक वाद्य स्वतंत्रपणे नोंदलेले असते. या साऱ्या थरांचा तोल साधण्याच्या कामाला मिक्सिंग म्हणतात. नव्या अल्बमसाठी ही जबाबदारी टिम पामर यांच्याकडे देण्यात आली. अमेरिकेतील 'पर्ल जॅम' या बँडच्या 1991 मधील 'टेन' या गाजलेल्या अल्बमचे मिक्सिंग त्यांनीच केले होते.

'इव्हॉल्व्ह' या नावाने हा अल्बम 2012 मध्ये आला. त्यात आठ गाणी आहेत. आधीच्या अल्बमनंतर सतरा वर्षे उलटली होती. 'इव्हॉल्व्ह' म्हणजे उत्क्रांत होणे. नावातच दिशा होती. नव्वदीतील सुटसुटीत, चटकन ओठांवर येणाऱ्या गाण्यांपेक्षा ही गाणी अधिक जड आणि गुंतागुंतीची आहेत.

जगाचा अनुभव

पुनर्मीलन आणि नवी निर्मिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जगभर दिसते. 'लेड झेपेलिन'च्या हयात सदस्यांनी डिसेंबर 2007 मध्ये लंडनमध्ये एक मैफल केली. नवा अल्बम मात्र काढला नाही. 'द पोलीस' या बँडने 2007 व 2008 मध्ये जगभर दौरा केला, त्यातूनही नवा अल्बम आला नाही. याउलट 'ईगल्स'ने 1994 मध्ये एकत्र येऊन मोजकी चार नवी गाणी दिली. नव्या गाण्यांचा संपूर्ण अल्बम यायला 2007 उजाडले. 1979 नंतरचा तो पहिलाच. 'अबा'ने तर 1981 नंतर थेट 2021 मध्ये 'व्हॉयेज' हा अल्बम काढला.

यामागचे कारण उघड आहे. दौऱ्यात श्रोता स्वतःचे तारुण्य पुन्हा भेटावे म्हणून येतो. त्याला जुनेच गाणे हवे असते. नवे गाणे सुरू झाले की प्रेक्षक चहाला उठतात, हा धोका लहान-मोठ्या साऱ्याच बँडना असतो. नव्या अल्बमची तुलना आजच्या गाण्यांशी होतेच. शिवाय श्रोत्याच्या आठवणींशीही होते, आणि आठवणींशी स्पर्धा करणे सर्वांत कठीण.

मग ही जोखीम घ्यायची कशाला? जुन्नरच्या मातीतला तमाशा त्याचे उत्तर देतो. गण, गौळण, बतावणी हा क्रम ठरलेला असतो. तो परंपरेचा भाग. पण वग मात्र काळाबरोबर बदलत आला आहे. राजा-राणीच्या कथांच्या जोडीला सामाजिक विषय आले. परिचित भाग प्रेक्षकाला मांडवात आणतो आणि नवा भाग त्याला पुढच्या वर्षी परत आणतो.

'इंडस क्रीड'ने ऐंशीच्या दशकात परदेशी गाण्यांची नक्कल नाकारून स्वतःची गाणी लिहिली होती. 2010 मध्ये परतल्यावर केवळ आपलीच जुनी गाणी वाजवत राहणे म्हणजे आपलीच नक्कल करणे झाले असते. 'इव्हॉल्व्ह'ची आठ गाणी प्रत्येकाला आवडतीलच असे नाही. परंतु ती लिहिली गेली, म्हणूनच 2010 मध्ये परतलेला तो बँड होता, नुसता फलक नव्हे.