सुतारकामाचे सँडर : नवे घ्यावे की जुने?

मालेगावात शुक्रवारी माग बंद असतात. अशाच एका शुक्रवारी नमाजनंतर माझा भाचा दुकानावर आला. तो सुतारकाम करतो, हाताखाली दोन कारीगर आहेत. एका बंगल्याच्या चौदा दरवाज्यांचे काम त्याला मिळाले होते आणि सागवानी फळ्या हाताने पॉलिश पेपरने घासण्यात दिवसच्या दिवस जात होते. "मामू, पट्ट्याचे सँडर घ्यायचे आहे. नवे नऊ हजाराला सांगतात. मुंबईत जुन्या बाजारात तेच साडेचार हजारात मिळते. काय करू?"

मी कापडाचा व्यापारी. लाकडातले मला फारसे कळत नाही, तरीही मी लगेच सांगून टाकले, "जुने घे." कारण आमचा सारा धंदाच जुन्या मशीनवर उभा राहिलेला. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. त्यांतले माग कितीतरी लोकांनी भंगाराच्या भावात उचलले आणि भिवंडी-मालेगावच्या शेडमध्ये लावले. त्या मागांवर घरे बांधली गेली, मुलींची लग्ने झाली. जुने मशीन म्हणजे निम्म्या पैशात पूर्ण रोजी, असा आमचा उसूल.

तो उसूल भाच्याला महागात पडला. सँडर आठ दिवस चांगले चालले. नवव्या दिवशी जळका वास आला, धूर निघाला आणि मशीन बंद. विकणाऱ्याने सरळ हात वर केले, जुन्या मालाला गॅरंटी कसली! आर्मेचर, कार्बन आणि बेअरिंग मिळून २,६०० रुपये लागले. सुटा भाग मुंबईहून येईपर्यंत तीन दिवस गेले आणि दोन्ही कारीगरांची रोज आठशेप्रमाणे मजुरी चालूच राहिली, ते ४,८०० रुपये. साडेचार हजारांचे मशीन ११,९०० रुपयांना पडले. दरवाजे उशिरा गेले म्हणून बंगलेवाल्याने जिन्याच्या कठड्याचे पुढचे काम दुसऱ्या सुताराला दिले, ते या हिशेबात धरलेलेच नाही. दोन महिन्यांनी त्या मशीनने पुन्हा धूर काढला, तेव्हा भाच्याने ते कोपऱ्यात टाकून दिले.

माझा सल्ला कुठे चुकला, हे समजून घेण्यासाठी मी नंतर बराच फिरलो, मिस्त्री लोकांशी बोललो. माग आणि हातातले सँडर ही दोन वेगळ्या जातीची मशीन आहेत. साधा माग म्हणजे बिडाचा सांगाडा. मिनिटाला शंभर-दीडशे वेळा धोटा फेकणार. झिजते ते पिकर, पट्टा, दाते आणि बुश. हे सगळे गल्लीतल्या दुकानात मिळते आणि गल्लीतलाच मिस्त्री बसवतो. सांगाडा बापाकडून मुलाकडे जातो. हातातल्या सँडरची मोटार मात्र मिनिटाला हजारो फेरे घेते. तिचा जीव कार्बन, आर्मेचर आणि दोन लहान बेअरिंगमध्ये असतो. बाहेरचे प्लास्टिकचे अंग नव्यासारखे चकचकीत असले तरी आतला जीव किती उरला आहे ते दिसत नाही. माग विकत घेताना आपण लोखंड घेतो. हातातले सँडर घेताना मोटारीचे उरलेले तास घेतो, आणि ते तास किती हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

तरीही जुनेच घ्यायचे असेल तर निदान एवढे पाहावे. मशीन दुकानात नुसते हवेत चालवून पाहण्याला काही अर्थ नाही, हवेत तर मरणारे मशीनही गोड गाते. आपल्याबरोबर कडक लाकडाची एक फळी न्यावी आणि तिच्यावर मशीन सलग दहा मिनिटे चालवावे. मग हात लावून अंग किती तापले ते पाहावे, वास घ्यावा. हवा जायच्या फटीतून आत डोकावले तर कार्बनपाशी ठिणग्या दिसतात. बारीक, तुटक ठिणग्या चालतात. गोल फिरणारी मोठी निळी ठिणगी दिसली तर आर्मेचर संपत आले असे समजून मशीन खाली ठेवावे. कार्बन उघडून त्याची लांबी पाहावी. कार्बन स्वस्त असतात, पण ते अगदी संपलेले असतील तर मागच्या मालकाने मशीनची निगा कशी राखली ते कळते. बंद मशीनचा रोलर किंवा पॅड हाताने हलवावा, कडकड लागली किंवा खेळ जाणवला तर बेअरिंग गेले.

पट्ट्याच्या सँडरला आणखी दोन गोष्टी. पट्टा चढवून तो सरळ धावतो की एका बाजूला सरकत जातो ते पाहावे. पट्टा सरकून अंगाला घासल्याच्या खुणा असतील तर रोलर झिजलेला असण्याचा संभव मोठा. आणि पट्ट्याखालची चपटी पट्टी बोटाने चाचपावी. तिला खड्डा पडला असेल तर फळीवर लाटा उठतात. त्या कोऱ्या लाकडावर दिसत नाहीत, पॉलिश चढल्यावर दिसतात, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी. गोल चकतीच्या सँडरमध्ये कागद चिकटवण्याचे पॅड झिजले आहे का तेवढे पाहिले म्हणजे झाले, ते पॅड बदलता येते.

मशीनच्या अंगावरची लोखंडी किंवा कागदी पाटी वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची. जपानमध्ये ती १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, आणि इंग्लंडमध्ये बांधकामावरची हत्यारे ११० व्होल्टवर चालतात. तिकडचा माल कंटेनरमधून आपल्या जुन्या बाजारात येतो आणि कुणीतरी प्लग बदलून तो विकायला ठेवतो. आखातातून परतलेले आपले भाऊही हत्यारे बरोबर आणतात. तिथले बहुतेक देश २२० ते २४० व्होल्टचे, पण सौदी अरबस्तानात बरीच वर्षे १२७ व्होल्टचीही लाईन होती. असे मशीन आपल्या बोर्डात लावले की क्षणात जळते. पाटी खरवडून काढलेली असेल तर भाव ऐकण्याचीही गरज नाही.

पाटी खरवडण्याचे दुसरेही कारण असते. बांधकामावरून हत्यारे चोरीला जातात आणि रविवारच्या बाजारात येतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे चोरीचा माल आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे वाटण्यास सबळ कारण असताना, बदनीयतीने तो घेणे गुन्हा आहे. पूर्वी हेच भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ मध्ये होते. निम्म्याहूनही कमी भाव, बिल नाही, नंबर खरवडलेला, असे असताना "मला काय माहीत" म्हणून सुटका होईल या भरवशावर कोणी राहू नये. दोन हजार वाचवण्यासाठी पोलीस ठाण्याच्या चकरा कोणत्या गरीब कारीगराला परवडतील? साध्या कागदावर विकणाऱ्याचे नाव, पत्ता, मशीनचा नंबर आणि तारीख लिहून सही घ्यावी. खरा विकणारा त्याला नकार देत नाही.

आता छातीची गोष्ट. जुन्या सँडरची भुशाची पिशवी हमखास हरवलेली असते आणि आपले कारीगर तिचा विचारही करत नाहीत. आमच्याकडे कापसाच्या तुसाने खोकणारी माणसे मी लहानपणापासून पाहिली आहेत, म्हणून हे लिहितो. हाताने घासताना भुसा खाली पडतो, मशीनने घासताना तो पिठासारखा हवेत तरंगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ माणसाला कर्करोग देणाऱ्या पदार्थांत घातली. नाकाच्या आतल्या पोकळीचा कर्करोग हा तिचा मुख्य धोका. एमडीएफ घासताना तर धुळीत गोंदाचे रसायनही असते. नवे मशीन पिशवीसह येते आणि बहुतेकांना मागून व्हॅक्यूमची नळी जोडता येते. जुने घेताना पिशवी नसेल तर ती बाजारात मिळते का ते आधी पाहावे आणि तिची किंमत मशीनच्या किमतीत धरावी. पिशवी असली तरी मास्क लावावाच. तोंडाला गुंडाळलेला रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही.

नव्याच्या बाजूने व्यापाऱ्याला कळेल असा आणखी एक हिशेब आहे. जीएसटीची नेहमीची नोंदणी असेल तर पक्क्या बिलावरचा कर वळता होतो. कंपोझिशनमध्ये असाल तर होत नाही. शिवाय वॉरंटी मिळते, पण कार्बन, पॅड, पट्टा हे झिजणारे भाग सहसा तिच्यात येत नाहीत. नवे घेतानाही त्याचे आर्मेचर आणि कार्बन सुटे मिळतात का, हे दुकानदाराला तिथेच विचारावे. स्वस्त नव्या मशीनचे सुटे भाग मिळत नसतील तर ते नवेही एकदाच वापरायचे मशीन झाले. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर एकाच फेरीत मशीन आणि त्याचे सुटे भाग दोन्ही विचारून होतात.

हे वाचून कोणी समजेल की जुने घेऊच नये. तसे नाही. पुढच्या वर्षी त्याच भाच्याने एका बंद होणाऱ्या फर्निचर कारखान्यातून लांब पट्ट्याचे उभे सँडर घेतले, दोन मोठ्या चाकांवर पट्टा फिरतो आणि खाली सरकते टेबल असते ते. या वेळी मी सल्ला दिला नाही, फक्त सोबत गेलो. मालकाने स्वतः मशीन चालवून दाखवले आणि एका चाकाचे बेअरिंग वाजते हेही स्वतःहून सांगितले. या मशीनची मोटार आमच्या मागाच्या मोटारीच्या जातीची, तिला कार्बनच नसतात. जळली तर रिवाइंडिंग करणारे मालेगावात गल्लोगल्ली बसले आहेत आणि बेअरिंग नंबर सांगताच मिळते. म्हणजे हे लोखंड आहे, इथे माझा जुना उसूल चालतो. अडचण निघाली ती विजेची. मशीनला थ्री फेज लागते आणि भाच्याच्या शेडमध्ये सिंगल फेज होती. नव्या जोडणीत आणि फिटिंगमध्ये वेळ आणि पैसा दोन्ही गेले. मोठे जुने मशीन स्वस्त दिसते, पण त्याच्या मागे जोडणी, जागा, टेम्पो आणि भुसा ओढणारा पंखा येतो. हे सगळे मिळवूनही ते नव्याच्या निम्म्यात बसले आणि आजही चालू आहे.

हातात धरायचे गोल चकतीचे सँडर मात्र त्याने नवे घेतले, पिशवीसकट.

ते जळके मशीन बरेच दिवस दुकानाच्या कोपऱ्यात पडून होते. एक जण आला, आठशे देतो म्हणाला. दुसरे कार्बन टाकून, रंग मारून तो ते बाजारात ठेवणार होता, तसे त्याने हसत सांगितलेही. भाच्याने स्क्रू खोलले, आर्मेचर बाहेर काढून ठेवले आणि राहिलेले अंग भंगारवाल्याला किलोवर देऊन टाकले.